डावीकडे ओढणारी खुर्ची

२ जून

ताईस सलाम.

हे पत्र लिहायचं मी ऑक्टोबरात ठरवलं. आज जून उजाडला. मधले आठ महिने काय केलंस म्हणशील, तर आधी कागद आणला. तो रेघांचा निघाला, आणि रेघांवर लिहायला लागलं की मला वर्गात उभं केल्यासारखं वाटतं. मग कोरा आणला, तर अक्षर उतरणीला लागलं. मग पेन गळलं. मग सर्दी झाली, तीही साधीसुधी नाही. मग खिडकीत एक कबुतरीण अंडी घालून बसली आणि टेबल तिथून हलवावं लागलं. चालढकलीची परीक्षा असती ना, तर आयुष्यात एकदा तरी मी पहिली आले असते.

खरं कारण वेगळं आहे. ते या पत्रात येणार नाही.

फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. शेवटचा दाजींनी उचलला होता. "बाबांना माती देऊन चौथा दिवस उजाडायच्या आत जी बहिणीला एकटीला टाकून पळाली, तिनं आता ख्यालीखुशाली विचारू नये," म्हणाले. मी म्हटलं, "दाजी, ऐका तरी." तर म्हणाले, "ऐकायला सवड नाही." आणि ठेवला. तुझ्या नवऱ्याला इतकं सलग बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. तुमच्या लग्नात फोटोवाला हसा, हसा म्हणून थकला, तेव्हासुद्धा ते नुसते "बरं" म्हणाले होते.

त्याला चार वर्षं झाली. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून तूच मला भिंगरी म्हणायला लागलीस. या चार वर्षांत सहा शहरं आणि अकरा कामं झाली. पुठ्ठ्याची खोकी चिकटवली, दुसऱ्यांचे कुत्रे फिरवले, एका दातांच्या दवाखान्यात "पुढचे या" अशी हाक मारायला बसले. कुठंही तीन महिने झाले की डोक्यात एक गोष्ट यायला लागायची, आणि ती आली की मी पिशवी भरायची.

इथं मात्र अकरा महिने झाले. बस आधी, पडशील.

एका मोठ्या इस्पितळाच्या मागे, उताराच्या पोटाखाली आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चार माणसं, दोन खिडक्या आणि छताला टांगलेली शंभरेक चाकं. शेजारच्या चर्चची मंडळी तो चालवते, आणि मला राहायला त्यांच्याच वसतिगृहात वरच्या मजल्यावर खोली आहे. इस्पितळातल्या चाकाच्या खुर्च्या बिघडल्या की आमच्याकडे येतात. मुख्य आमच्या मिस्त्रीबाई. साठीच्या आहेत. वीस वर्षं त्याच इस्पितळात रोग्यांच्या खुर्च्या ढकलत होत्या. "एक दिवस म्हटलं, ढकलून कंबर मोडण्यापेक्षा चाकच सुधारावं," असं सांगतात. दुसरी शिवणवाली, ती खुर्च्यांची बसायची कापडं शिवते आणि दिवसभर बोलते. तिसरा वेल्डर, तो दिवसभर बोलत नाही. दोघांना एकत्र कालवलं तर दोन साधी माणसं निघतील.

चाकाच्या खुर्चीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, सांग. गंज नाही. केस! पुढच्या छोट्या चाकांच्या कण्याला केस आणि धागे गुंडाळून बसतात, आकड्यानं ओढले की उंदराएवढा गोळा निघतो. पहिल्या दिवशी मी किंचाळले होते. पण मी हे सांगत नव्हते. मी खडूच्या रेघेचं सांगत होते.

कारखान्यात जमिनीवर खडूची एक लांब रेघ आहे. दुरुस्त झालेली खुर्ची रेघेवर ठेवायची, एक ढकल द्यायची आणि हात सोडायचे. हात सोडणं महत्त्वाचं. हातात धरलेली प्रत्येक खुर्ची सरळच जाते, कारण आपले हात नकळत तिला सांभाळत असतात. सोडली की कळतं ती कुठं ओढते.

साडेदहाच्या चहाला मिस्त्रीबाई माणसांचंही हेच करतात. सकाळपासून हात सुटले की मन कुठं गेलं, ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं. मोठ्यानं. मग बाकीचे दोनच प्रश्न विचारतात: खरं का? पुरं का? आणि सांगणाऱ्यानं म्हणायचं, "प्रभू, हा विचार तुझ्यापुढे ठेवला. खरा असेल तर पेलायला शिकव. खोटा असेल तर तू घेऊन जा." चहा गार व्हायच्या आत संपतं. मिस्त्रीबाई म्हणतात, मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणून वैऱ्याला रोज एकदा उजेडात आणून येशूपुढे उभं करायचं. रोज. एखाद्या दिवशी रडून ओरडून काही होत नाही, खुर्चीलासुद्धा रोजच तेल लागतं.

माझ्या पहिल्या दिवशी वेल्डर म्हणाला, "मुलगा माझ्यासारखाच निघणार."

शिवणवालीनं विचारलं, "खरं का?"

त्यानं चहात बिस्किट बुडवलं. "नाक माझ्यासारखं आहे."

"पुरं का?"

"नाही. बाकी आईवर गेलाय."

"प्रभूची कृपा," शिवणवाली म्हणाली, आणि तो भला मोठा माणूस चक्क हसला.

मग माझी पाळी. मी म्हटलं, "आज जेवायला काय असेल?" मिस्त्रीबाई म्हणाल्या, "चालेल. आठवडाभर चालेल. मग खरा सांग." मी सहा महिने जेवणच सांगितलं.

मग एक दिवस तोंडातून निसटलं: "माझ्यामुळं बाबा गेले." त्यांनी विचारलं, खरं का? मी म्हटलं, मी त्या दुपारी बाहेर होते. दोन ते चार. घरी असते तर वाचले असते. शिवणवालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग तू कसं मारलंस गं? बाहेर जाणं म्हणजे मारणं का?"

मी बाहेर होते हे तुला माहीतच आहे म्हणा. पुन्हा कशाला लिहिलं, कोण जाणे. आता कागद संपला.

तुझी,
भिंगरी


१९ जून

ताई,

उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण आनंद पोटात मावत नाहीये. मी बरी झाले!

कसं ते सांगते. तो विचार साधारण चारच्या सुमाराला येतो. हातात पाना असतो, आणि एकदम मागची खोली दिसते, बाबांची काठी दिसते. पूर्वी मी तिथंच बुडायचे. आता तो दारात दिसला रे दिसला की म्हणते, "खोटा. प्रभू, ने." आणि लगेच तीन चांगल्या गोष्टी मोजते. कबुतराची पिल्लं उडाली. वेल्डरच्या मुलानं बापाला शीळ घालायला शिकवलं. शिवणवाली आज वीस मिनिटं गप्प होती, सुई तोंडात होती म्हणून. पहिले काही दिवस तो विचार दिवसात तीस वेळा यायचा. मग दहा. या आठवड्यात दोनदा. ताई, मला गाढ झोप लागते!

पाळकसाहेबांनी मला महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायला सांगितलंय, प्रभूनं मला कसं बरं केलं त्याची. आपल्या भिंगरीला! रविवारच्या शाळेत मी बाकाखालून पळून जायची आणि तू मला फ्रॉकला धरून परत आणायचीस, आठवतं? मी साक्ष लिहून काढलीय, चार पानं. आरशासमोर म्हणून बघते. तिसऱ्या पानावर मलाच रडू येतं, ते जरा कमी करायला हवं.

आणि म्हणून तुला लिहितेय. माती दिली त्या दिवशी तू भिंतीला टेकून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होतीस. बाबा पडले त्या सकाळी तू त्यांचा फोन काच बदलायला नेलास, फोन हाताशी असता तर पडल्यावर त्यांनी कुणाला तरी बोलावलं असतं. ताई, हा विचार खोटा आहे. सोडून दे. तू त्यांच्या भल्यासाठीच नेला होतास. हे ओझं प्रभूनं तुला दिलेलं नाही, तू उगाच उचललंयस. रोज सकाळी म्हण, "खोटा, ने." सवय लागायला महिना लागतो, मग बघ. मी करू शकले तर तू तर किती शहाणी.

दाजींनाही सलाम सांग, घेणार असतील तर.

तुझी नवी झालेली,
भिंगरी


५ जुलै

ताई,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर. एकच ओळ. "फोन मी नेला होता आणि घरात कुणी नव्हतं, ज्याला हे वाहावं लागत नाही त्यानं मला शहाणपण शिकवू नये."

मी ते कामाच्या एप्रनच्या खिशात ठेवलंय. उंटावरून शेळ्या हाकल्या मी. त्याबद्दल लिहायचंय, पण आधी दुसरं सांगते, कारण ते आधी घडलं. म्हणजे तुझं कार्ड सोमवारी आलं आणि हे त्याच्या आदल्या शुक्रवारी घडलं. मी नीट क्रमानं सांगते, नाहीतर नेहमीसारखी भरकटेन.

शुक्रवारी माझ्याकडे एक खुर्ची होती. डावीकडे ओढत होती. डाव्या चाकातले केस काढले, तेल दिलं, तरी रेघ सोडून डावीकडेच. अशा वेळी खुर्ची उलटी करून पुढच्या चाकाचा चिमटा तपासायचा असतो. चिमटा म्हणजे ज्या दोन दांड्यांत ते छोटं चाक बसतं तो. रंग खरवडून बघायचं, कुठं चीर आहे का. अर्ध्या तासाचं काम आहे. पण मला घाई होती. पाच वाजता मला साक्षीची शेवटची तालीम करायची होती.

म्हणून मी उजव्या चाकाची चक्की, म्हणजे नट, अर्धा आटा आवळली. आता उजवं चाकही थोडं अडखळू लागलं. डावं ओढतंय, उजवंही ओढतंय, म्हणजे खुर्ची सरळ! रेघेवर सोडली, तर काय झकास गेली. मिस्त्रीबाईंनी लांबून पाहिली आणि मान डोलावली. मी चिठ्ठीवर सही केली.

शनिवारी सकाळी ती खुर्ची इस्पितळाच्या उतारावर मोडली. डावा चिमटा चिरलेलाच होता, त्यात दोन्ही चाकं अडखळत होती, आणि उतरताना तो तुटला. खुर्चीत एक निवृत्त गुरुजी होते. ते कडेच्या कठड्यावर पडले. मनगट मुरगळलं, कोपर सोललं. परिचारिकेनं वेळेवर धरलं, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा गुरुजी हाताला पट्टी बांधून बसले होते. मी म्हटलं, "चूक माझी होती. मी खुर्ची नीट तपासली नाही." ते म्हणाले, "काय केलंस नेमकं?" मी सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "अस्सं. मागून उत्तर बघून गणित जुळवलंस. चाळीस वर्षं शिकवलंय मी, अशा पोरी मला वासावरून कळतात." मग म्हणाले, "नवी खुर्ची तूच तपासून आण. बाकी कुणाची चालणार नाही." शिक्षा होती की माफी, अजून कळलं नाही.

रविवारी मी साक्ष दिली नाही. पाळकसाहेबांना म्हटलं, पोट दुखतंय. तेही खोटं.

सोमवारी चहाला मी म्हटलं, "मी माणूस मारणारी बाई आहे. आधी बाबा, आता हे."

कुणीच पाठीवर हात ठेवला नाही. मिस्त्रीबाईंनी विचारलं, "खरं का?"

"खरं."

"गुरुजी मेले?"

"नाही."

"मग काय झालंय? जेवढं झालं तेवढंच सांग. कमी नाही, जास्त नाही."

मी म्हटलं, "चक्की आवळली. आवळताना मला माहीत होतं की ही दुरुस्ती नाही."

"हां," त्या म्हणाल्या. "हे खरं. आणि बघ, किती लहान आहे. एका वाक्यात बसतं. मी माणूस मारते, हा केवढा मोठा विचार! एवढा मोठा की त्याच्यामागे ही चक्की लपून जाते. मोठा खोटा विचार पुढे उभा केला की लहान खऱ्याकडे कुणी बघत नाही. आपणसुद्धा."

वेल्डर, जो बोलत नाही, तो म्हणाला, "मी दारू सोडली तेव्हा म्हणायचो, मी नालायक. बायको म्हणाली, नालायक राहू दे, पोराची वही कुठं टाकलीस ते सांग."

सगळे हसले. मीही. आणि हसता हसता मी कप खाली ठेवला, ताई. कारण गेला महिनाभर मी चारच्या त्या विचाराला "खोटा, ने" म्हणत होते. सबंधच्या सबंध हाकलत होते, आणि त्याच्यामागे काय उभं आहे ते वळून बघत नव्हते. मी मन सरळ केलं नव्हतं, दुसरं चाक आवळलं होतं.

घरी आले तर तुझं कार्ड. "घरात कुणी नव्हतं."

मला थोडा वेळ दे. हे पत्र टाकते. पुढचं लिहायला मला बसता येतं का बघते.

भिंगरी


१४ जुलै

ताई,

नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी दोनदा पिशवी भरली. दुसऱ्यांदा तर बसथांब्यापर्यंत गेले. बस आली, वाहकानं विचारलं, "येताय का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." तो म्हणाला, "मग मागच्यांना येऊ द्या." मागे कुणीच नव्हतं. मी परत आले.

आता एका दमात लिहिते. मध्ये कबुतरं येणार नाहीत.

त्या दुपारी मी बाहेर नव्हते. मी घरातच होते, वरच्या खोलीत.

मी पिशवी भरत होते. एका फिरत्या नाटक कंपनीत दारावर तिकिटं फाडायचं काम मिळालं होतं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं, म्हणून पाचच्या गाडीनं न सांगता जायचं ठरवलं होतं. सव्वातीनला बाबांनी खालून भिंतीवर काठी आपटली. तीन ठोके, म्हणजे खाली ये. मला वाटलं, त्यांना सुगावा लागला, आता भाषण. मी गेले नाही. पुन्हा तीन ठोके आले. मी कानात गाणं लावलं. गाणं लावता लावता आणखी एक ठोका ऐकला. एकच. तो अर्धवट होता हे मला तेव्हाही कळलं होतं, ताई. मी आवाज वाढवला.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी पिशवी खांद्याला लावून दबकत खाली उतरले. ते दाराशी पडले होते. डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पिशवीकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. मी पिशवी पाण्याच्या टाकीमागे टाकली, रुग्णवाहिका बोलावली, आणि मग तुला फोन केला. तू विचारलंस, "तू कधी आलीस?" मी म्हटलं, "आत्ताच. दोन वाजल्यापासून बाहेर होते." विचार करूनही नाही बोलले. जीभच आपली आपण गेली.

बाकी तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी ते गेले. चाळीस मिनिटं आधी नेलं असतं तर वाचले असते का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. ते सांगता येत नाही, एवढंच खरं आहे. मी त्यांना मारलं हे मला म्हणता येत नाही, आणि माझा काही संबंध नाही हेही म्हणता येत नाही. मधलं जे आहे ते मी रोज सकाळी येशूपुढे ठेवते. त्याला माझा बाप माहीत आहे आणि मीही माहीत आहे. तो ते "खोटं" म्हणून घेऊन जात नाही. पण मी ते एकटी धरून नाही, असं हल्ली वाटतं. काही दिवस वाटतं, काही दिवस नाही वाटत.

पण तुझ्या बाबतीत मधलं काही नाही. फोनची गरज नव्हती, ताई. बाबांनी बोलावलं होतं. त्यांनी घरातल्या माणसाला बोलावलं होतं आणि घरातल्या माणसानं ऐकलं होतं. तुझ्या फोन नेण्यानं काहीही बदललं नाही. हे मला चार वर्षं माहीत होतं. माती दिली त्या दिवशी तू भिंतीला टेकून फोन, फोन करत होतीस, मी तुझ्यासमोर बसले होते, आणि मला हे माहीत होतं. म्हणून मी पळाले. बाबांच्या दुःखानं नाही. तुझं ते वाक्य ऐकवेना म्हणून.

आणि वर गेल्या महिन्यात तुला लिहिलं, "ओझं सोडून दे." ओझं तुझ्या डोक्यावर ठेवणारी मीच.

हे सगळं मी काल मिस्त्रीबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, प्रभू क्षमा करतो. त्या एका चाकातले केस काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रभू क्षमा करतो, त्यात शंका नाही. वडलांचं काय ते तू आणि तो बघा. पण ताईचं काय, त्याला पोस्टाचं तिकीट लागतं."

मी म्हटलं, "ती मला कधीच माफ करणार नाही."

"खरं का?"

"माहीत नाही."

"मग माहीत नाही म्हण. पुढचा विचार अजून तुझा नाही, तिचा आहे. तिच्या डोक्यात शिरून तिच्या वतीनं विचार करू नकोस. तेही पळणंच."

म्हणून मी तुला माफ कर असं लिहीत नाही. मागायचा हक्क आहे की नाही ते ठरेना. मी फक्त जे झालं ते लिहिलं. कमी नाही, जास्त नाही.

पत्ता वर आहे. मी इथंच आहे.

तुझी बहीण


३ ऑगस्ट

ताई,

वीस दिवस झाले. तू लिहिलं नाहीस, ते तुझं तू बघ. मी फक्त हे सांगायला लिहितेय की मी रोज पोस्टमनला पायऱ्यांवर गाठते, आणि तो आता मला बघून लांबूनच दोन्ही हात हलवून नाही म्हणतो. भला माणूस आहे. काल म्हणाला, "बाई, मीच तुम्हाला एक लिहू का?"

चारला विचार येतोच. आता त्याला हाकलत नाही. बस म्हणते. काय आणलंस, दाखव. कधी तो म्हणतो, ताई तुझं तोंड बघणार नाही. मी विचारते, खरं का? माहीत नाही. मग तो थोडा वेळ घुटमळतो आणि जातो. कधी म्हणतो, तू खोटं बोललीस. हे खरं. मग मी त्याला धरून प्रार्थना करते, आणि पुन्हा पाना हातात घेते. झोप पूर्वीएवढी गाढ लागत नाही. पण जागी असले की जागी असते, हे वेगळंच आहे. तुला समजेल असं सांगता येत नाहीये.

साक्ष दिली मागच्या रविवारी. अर्धं पान होतं. गुरुजी पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं "गणित बरोबर" म्हणाले, आणि सगळी मंडळी हसली. उतारावर आम्ही रबराच्या पट्ट्या बसवतोय, त्याचं असं आहे की रबर जर

थांब हं. खालून शिवणवाली हाका मारतेय. कुणी माझ्याकडे आलंय म्हणे.

ताई, खाली जाऊन आले.

दाजी आलेत. तुझे. जिन्याशी चपला हातात घेऊन उभे आहेत, कारण त्या बाहेर काढायच्या की आत हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तुला माहीत नाही ते इथं आलेत. तुला सांगितलंय की परगावी कुठल्या लिफ्टच्या दुरुस्तीचं काम निघालंय. मला म्हणाले, "तिला लिहू नकोस." पण तुझ्यापासून मी आता काही लपवणार नाही असं ठरवलंय, त्यामुळं दाजी गेले कामातून.

मी विचारलं, "ताई कशी आहे?"

"चिडलीय," म्हणाले. "फार चिडलीय. भांडी आपटते. तुझं नाव घेऊन भिंतीशी भांडते. परवा ओट्याशी उभी राहून तुला जे काय बोलली, ते मी सांगणार नाही, इथं प्रार्थना होते."

मी म्हटलं, "दाजी, मी..."

"तू ऐक. चार वर्षं ती स्वतःवर चिडत होती. ते मला बघवत नव्हतं. आता तुझ्यावर चिडते. माझ्या घरात हे बरं." मग चपलांकडे बघत म्हणाले, "रविवारी आठ वाजेपर्यंत झोपली होती. मी दोनदा जाऊन श्वास बघितला."

मी विचारलं, मला न्यायला आलात का? नाही म्हणाले. "चल म्हणायचं की नाही ते ती ठरवेल, तिला वेळ लागेल, वर्ष लागेल, त्यात मी पडणार नाही." "मी फक्त बघायला आलो," म्हणाले, "की पत्र लिहिणारी अजून त्याच पत्त्यावर आहे का."

मी म्हटलं, "आहे."